उन्हाळे-पावसाळे पाहिलेलं लाकूड

हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. एक, साड्या आणि ड्रेस मटेरियलची दुकानं; दुसरी, जोराचा पाऊस झाला की साचणारं पाणी. तिसरी गोष्ट बघायला मान वर करावी लागते. हिंदमाताहून परळ-लालबागच्या दिशेने चालत निघा, नाहीतर नायगावात शिरा. जुन्या चाळींचे लाकडी कठडे, खांब, जिने आणि खिडक्यांच्या झडपा अजून दिसतात. एकाच चाळीचा एकच कठडा, पण छज्ज्याखाली तो तपकिरी, रस्त्याच्या अंगाला करडा आणि नळाशी काळपट असतो. झाड एका जातीचं, हात एका सुताराचा, मग रंग तीन कसे?

हे तीन रंग म्हणजे त्या लाकडाने सोसलेल्या उन्हा-पावसाचा हिशेब आहे. प्रत्येक जातीचं लाकूड तो आपापल्या पद्धतीने मांडतं. तो वाचता आला तर पुष्कळ चांगलं लाकूड भंगारात जायचं वाचेल. त्यासाठी या काही गोष्टी.

१. ऊन लाकडात शिरतं केसभरच

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं लिग्निन. वजनात लिग्निनचा वाटा साधारण पाव. उन्हातले अतिनील किरण मुख्यतः हे लिग्निनच शोषून घेतं आणि त्यातच ते मोडतं. पण हे किरण लाकडात जेमतेम ७५ मायक्रोमीटर खोल जातात, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीइतके. डोळ्यांना दिसणारा प्रकाश फार तर २०० मायक्रोमीटरपर्यंत पोहोचतो. हिंदमाताच्या कापडवाल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे: दुकानाबाहेर टांगलेल्या साडीची दर्शनी घडी विटते, आतली तशीच कोरी राहते. लाकडाचंही तसंच. वरून करडी पडलेली फळी आतून कित्येकदा पहिल्या दिवसाइतकी ताजी असते.

२. आधी तपकिरी, मग करडं

लिग्निन मोडलं की त्याचे पिवळट-तपकिरी तुकडे तयार होतात, म्हणून कोवळं फिकट लाकूड उन्हात आधी गडद होतं. पुढे पाऊस येतो. हे तुकडे पाण्यात विरघळतात, वाहून जातात आणि मागे उरतात फिकट तंतू. करडेपणाची सुरुवात इथे होते.

म्हणजे ऊन आणि पाऊस दोघं मिळाले तरच लाकूड करडं होतं. नुसतं ऊन लागलं तर ते तपकिरीवर थांबतं. छज्ज्याखालचा कठडा तपकिरी का, याचं उत्तर हेच. घरातलं कपाटही वर्षानुवर्षं गडद होत जातं पण करडं कधी पडत नाही. खिडकीची काच उन्हातले काही किरण अडवते, सगळे नाही; त्यामुळे काचेआडही रंग बदलत राहतो. पाऊस मात्र आत येत नाही.

३. शंभर वर्षांत सहा मिलिमीटर

उघड्यावरचं लाकूड झिजतं तरी किती? पाइनसारख्या हलक्या, मऊ लाकडाचा ढोबळ हिशेब शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटरचा आहे. घट्ट, जड लाकडाची झीज त्याच्या निम्म्याच्या आसपास. अर्थात हा हिशेब फक्त ऊन-पावसाचा. वाळवी आणि कूज यांचा हिशेब वेगळा.

ही झीज सगळीकडे सारखी नसते. वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला वलयाचा भाग मऊ असतो, तो आधी झिजतो. नंतर वाढलेला टणक भाग मागे उभा राहतो. जुन्या पाइनच्या फळीवर बोट फिरवलं तर लागणाऱ्या उंचसखल रेघा याच. त्या झाडाने एका ऋतूत किती वाढ केली, ते बोटालाही समजतं.

४. रुपेरी की काळपट, हे बुरशी ठरवते

समुद्रकाठच्या, कमी पावसाच्या आणि मोकळ्या वाऱ्याच्या जागी जुनं लाकूड सुंदर रुपेरी दिसतं. तेच लाकूड दमट जागी काळपट, ठिपकेदार होतं. फरक करते ती पृष्ठभागावरची बुरशी. ‘ऑरिओबेसिडियम पुल्युलान्स’ ही त्यातली सर्वांत ओळखीची. लिग्निन मोडून तयार झालेले तुकडे आणि लाकडातली थोडीफार साखर यांवर ती जगते आणि आपल्या काळ्या पेशींनी रंग चढवते.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चाळीच्या कठड्यावर शुद्ध रुपेरी छटा क्वचित दिसते आणि धुरकट काळी जास्त, ती म्हणूनच. पण ही बुरशी लाकूड खात नाही. ती रंग बदलते, ताकद नाही. लाकूड कुजवणारी बुरशी वेगळी, तिची भेट पुढे होईलच.

५. पश्चिमेची खिडकी आधी म्हातारी होते

मुंबईवर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. ते शून्य सावलीचे दिवस. म्हणून इथे उन्हाचा सर्वांत जास्त मारा सपाट भागांवर होतो: कठड्याचा वरचा हात, उंबरा, जिन्याची उघडी पायरी. त्यांवर पाणीही थांबतं. पावसाची झड येते ती नैर्ऋत्येकडून. दुपारचं कडक ऊन आणि झोडपणारी झड, दोन्ही पश्चिमेच्या वाट्याला. एकाच चाळीच्या चारही बाजूंच्या खिडक्या बघा. कुठली बाजू पश्चिमेची, ते होकायंत्राशिवाय सांगता येईल.

६. सागवान: डागाळलेला जन्म, सोनेरी तारुण्य

नव्याने कापलेला सागवान पाहून अनेकांचा विरस होतो. हिरवट झाक, गडद रेघा, ठिगळं ठिगळं रंग. थोडा धीर धरा. उजेड आणि हवा मिळाली की काही आठवड्यांत रंग एकसारखा होत जातो आणि सोनेरी तपकिरी छटा येते. नव्या दाराच्या दोन फळ्यांचे रंग जुळत नाहीत म्हणून लगेच गडद पॉलिशची घाई करू नका. बरीचशी जुळवाजुळव उजेडच करून देतो.

उघड्यावर ठेवला तर हाच सागवान कालांतराने रुपेरी होतो, पण टिकतो. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि रबरासारखा पदार्थ असतो, शिवाय ‘टेक्टोक्विनोन’ नावाचं द्रव्य वाळवीला दूर ठेवतं. ही सगळी संपत्ती गाभ्याची. सालीलगतचं फिकट, कच्चं लाकूड सागाचंच असलं तरी ते लवकर किडतं. विकत घेताना कडेची पांढुरकी पट्टी बघायची ती यासाठी.

आणखी एक गंमत: सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो. रंगांची खोड या झाडाला पानापासूनच आहे.

७. मुंबईत बांधलेलं जहाज आजही तरंगतंय

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज पाण्यात उतरलं. बांधणारे होते जमशेदजी बोमनजी वाडिया. पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. लाकूड होतं मलबारचा सागवान. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे आणि अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत सर्वांत जुनं मानलं जातं.

या जहाजाचे पहिले नकाशे मुंबईपर्यंत पोहोचलेच नाहीत. ते ‘जावा’ या जहाजावर होते आणि १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकी जहाजाशी झालेल्या लढाईत ‘जावा’ गेलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले.

ब्रिटिश नौदलाला ओक सोडून सागवान हवा होता, कारण नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी ओकचा तुटवडा पडला होता. सागवानाचा आणखी एक फायदा होता. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं आणि त्यांच्याभोवतीचं लाकूडही काळं करतं. सागवानाचं तेल त्यांना जपतं.

८. कार्ल्याच्या फासळ्या: दोन हजार वर्षं, तरी करड्या नाहीत

ऊन-पाऊस काढून टाकला तर लाकूड किती टिकेल? उत्तर लोणावळ्याजवळ आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या. सभागृह ४५ मीटर लांब, एकाच डोंगरात कोरलेलं. दगडी छताला लाकडाच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी इमारतींची सवय असलेल्या कारागिरांनी तीच रचना डोंगरात उतरवली. तिथे थेट ऊन नाही, पाऊस नाही, ओल्या मातीचा स्पर्श नाही. फासळ्या गडद तपकिरी झाल्या आणि तिथेच थांबल्या. हिंदमाताजवळच्या चाळीतली छपराखालची तुळई याच तत्त्वावर टिकते.

९. फणस: पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत

फणसाचं ताजं लाकूड पिवळंधमक असतं. उजेड आणि हवा मिळाली की ते केशरी, मग तांबूस आणि शेवटी गडद तांबडं-तपकिरी होतं. कोकणातल्या जुन्या घरातला फणसाचा खांब पाहून तो कुठल्यातरी महागड्या विदेशी लाकडाचा वाटतो, इतका हा बदल मोठा. त्या पिवळेपणामागे ‘मोरिन’ हे रंगद्रव्य आहे. म्यानमार आणि थायलंडमध्ये बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला फणसाच्या लाकडाचे तुकडे उकळत. मृदंगमाचं खोडही परंपरेने फणसाचंच.

१०. हेदू: गिरणीतलं पिवळं लाकूड

हेदूचं, म्हणजेच हळदूचं, नवं लाकूड स्वच्छ पिवळं. काही काळ उघड्यावर राहिलं की ते तांबूस तपकिरी होतं. पोत अगदी बारीक आणि एकसारखा, त्यामुळे लेथवर छान वळतं. कंगवे आणि गिरण्यांतल्या सुताच्या बॉबिनींसाठी ते वापरात होतं. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या हातांतून अशी लाकडी बॉबिन दिवसाला कितीदा गेली असेल! एखाद्या घरात जुनी बॉबिन जपून ठेवलेली असेल तर तिचा आजचा तपकिरी रंग तिचा मूळ रंग असेलच असं नाही.

११. अक्रोडाची उलटी चाल

बहुतेक लाकडं घरात राहून गडद होतात. अक्रोड उलट फिकट होतो. नवा असताना चॉकलेटी. उजेडात काही वर्षं राहिला की मधाच्या रंगाकडे झुकतो. काश्मीरहून आणलेली कोरीव पेटी खिडकीसमोरच्या शोकेसमध्ये असेल तर तिचं झाकण उघडा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा गडद दिसली तर नवल नाही. अक्रोडाचा गडदपणा आवडत असेल तर त्याला उन्हापासून दूर ठेवा. फणसाचा तांबडेपणा लवकर हवा असेल तर उजेडात.

१२. शिसव आणि फुलदाणीखालचं वर्तुळ

एकोणिसाव्या शतकात मुंबईचं कोरीव ‘ब्लॅकवुड’ फर्निचर परदेशी पाहुण्यांत प्रसिद्ध होतं. ते काळं लाकूड म्हणजे आपलं शिसव. ताजं शिसव सोनेरी तपकिरीपासून जांभळट तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेचं असू शकतं, आत काळ्या रेघा असतात. वय वाढतं तसं सगळं मिळून गडद तपकिरी होतं.

अशा कुठल्याही रंग बदलणाऱ्या लाकडाच्या नव्या टेबलावर फुलदाणी एकाच जागी ठेवू नका. काही आठवड्यांनी उचलली तर खाली वेगळ्या रंगाचं वर्तुळ दिसतं. डाग समजून घासत बसू नका. तो डाग नाही, ती सावली आहे. मोकळं सोडा, वर्तुळ हळूहळू बाकीच्या रंगात मिसळतं.

१३. दोनदा रंग बदलणारं परदेशी पाहुणं

दक्षिण अमेरिकेतलं ‘पर्पलहार्ट’ कापल्याबरोबर मळकट तपकिरी दिसतं. हवा आणि उजेड मिळाला की काही दिवसांत गडद जांभळं. आणि उन्हात फार काळ ठेवलं की पुन्हा तपकिरी. जांभळा रंग टिकवायचा तर त्याला थेट उन्हापासून जपावं लागतं.

१४. खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे शाई

जुन्या दाराच्या लोखंडी खिळ्यांभोवती निळसर काळे ओघळ दिसतात. हा गंज नाही. लाकडातलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. याच रसायनाने जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई बनत असे. म्हणजे पावसाळ्यात ओली झालेली चौकट अक्षरशः शाई तयार करत असते. ऐन, बाभूळ, खैर ही टॅनिनने भरलेली झाडं, त्यांच्यावर हा डाग चटकन पडतो.

सुतार हा डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने काढतात. ते विषारी असतं. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत काम करायचं आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायचं. डाग पडूच नये असं वाटत असेल तर बाहेरच्या लाकडाला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू.

१५. हिंदमाताच्या पाण्यात पलंगाचे पाय

पाणी घरात शिरलं की पलंगाचे आणि कपाटाचे पायच सर्वांत आधी का बिघडतात? लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. कापलेल्या टोकाकडून ते पाणी ओढतं, आडव्या अंगापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त वेगाने. पलंगाचा पाय नेमका कापलेल्या टोकावर उभा असतो. म्हणून पाण्याची रेघ जिथे होती त्याच्याही वर ओल चढलेली दिसते.

काय करायचं? भर उन्हात वाळवायला टाकू नका. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड तडकतं. सावलीत, वाऱ्यावर, पायांखाली विटा ठेवून वाळवा. पावसाळ्याआधी पायांच्या तळव्यांना ऑइलपेंटचे दोन-तीन हात द्या. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाचा उपाय हाच.

कुजवणारी बुरशी कामाला लागते ती लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर. कोरडं लाकूड कुजत नाही. आणि सतत पूर्ण पाण्याखाली असलेलंही सहसा कुजत नाही, कारण तिथे बुरशीला प्राणवायू मिळत नाही. व्हेनिस शहर अशाच बुडालेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे. घात होतो तो ओलं-कोरडं, ओलं-कोरडं या चक्रात. हिंदमातासारख्या सखल भागात तळमजल्याच्या वाट्याला नेमकं तेच चक्र येतं.

१६. पावसाळ्यात दार रुंदीला फुगतं, उंचीला नाही

दार अडकतं ते बाजूच्या चौकटीत, हे लक्षात आलंय? लाकूड लांबीला नाममात्र बदलतं, रुंदीला मात्र भरपूर. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होताना वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने अवघं अडीच टक्के आकसतं. इतर बरीच लाकडं याहून जास्त. खिडक्या-दारांसाठी सागवान का निवडत, याचं एक कारण या आकड्यांत आहे. जुलैत अडकलेल्या दारावर लगेच रंधा मारू नका. दिवाळीपर्यंत फट पडेल.

१७. खारा वारा लाकूड केसाळ करतो

वरळी कोळीवाड्यात किंवा माझगावच्या बंदरावर जुन्या होडीची बिनरंगाची फळी जवळून बघा. वरचे तंतू सुटून लव आल्यासारखी दिसेल. खाऱ्या पाण्यातलं मीठ लाकडात शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक वाढतात आणि तंतू एकमेकांपासून सुटे करतात. दिसायला वाईट, पण मीठ बुरशीला आवडत नाही, त्यामुळे कूज त्या मानाने कमी.

होडीचा खरा शत्रू पाण्याखाली असतो, लाकूड पोखरणारे सागरी जीव. कोकणात होड्यांना मुशीच्या यकृताचं तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी रीत आहे. काजूचं तेल दाहक, चिकट आणि काळं. ते लाकूड काळं करतं आणि जपतं. घराच्या वाशांनाही ते लावत.

१८. परांचीचा बांबू

चाळीच्या दुरुस्तीला परांची बांधली जाते, गणपतीच्या दिवसांत लालबागला मंडप उभे राहतात. दोन्हींचा आधार बांबू. बांबू खरं तर गवत. त्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो उन्हात काही आठवड्यांत पिवळा होतो आणि पावसाळे झेलले की करडा. करड्या बांबूचं वय जास्त, एवढं त्यावरून समजतं. पण त्यावर चढायचं की नाही हे रंगावरून ठरवू नये. फाटलेल्या गाठी आणि खाली पडलेली पिवळसर भुकटी बघा. भुकटी म्हणजे बांबूतल्या पिष्टावर जगणारा किडा आत आहे.

१९. पारदर्शक वॉर्निश बाहेर का टिकत नाही?

कारण त्यातून ऊन आरपार जातं. वरचा थर शाबूत दिसतो, पण खालचं लिग्निन मोडत राहतं आणि शेवटी वॉर्निशची पकडच सुटते. मग पापुद्रे निघतात. चपड्याचं फ्रेंच पॉलिश तर केवळ घरातलं. त्यावर ओला पेला ठेवला तरी पांढरं वर्तुळ उठतं.

बाहेरच्या लाकडाला हवा रंगकण असलेला थर, कारण ऊन अडवतात ते रंगकण. चाळींच्या कठड्यांवरचे हिरवे, निळे, तांबडे ऑइलपेंट नुसते शोभेचे नव्हते. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहयुक्त मातीपासून तांबडा रंग करतात आणि तिथली लाकडी घरं शतकानुशतकं त्याने रंगवली जातात. त्यातला तांबडेपणा लोहाचा, आपल्या गेरूतलाही लोहाचाच. गिरगावात खोताच्या वाडीतली रंगीत लाकडी घरं बघताना हे आठवा: रंग हे तिथल्या लाकडाचं छत्र आहे आणि ते दर काही वर्षांनी नवं करावं लागतं.

२०. टोच्याची परीक्षा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लाकूड करडं आहे की कुजकं, हे घरच्या घरी तपासता येतं. टोच्या किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर तंतूंच्या आडवा खुपसा आणि थोडी ढलपी उचकटा. लांब, तुसासारखी ढलपी निघाली तर लाकूड निरोगी. कटकन आखूड तुकडा पडला किंवा टोच्या बुडाला तर कूज आहे. चौकोनी भेगा पडून भुसभुशीत तपकिरी झालेलं लाकूड म्हणजे एक प्रकारची कूज; पांढुरकं, स्पंजासारखं झालेलं म्हणजे दुसरा प्रकार. ठोकून बघा. टणक आवाज चांगला. पोकळ आवाज आणि मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी.

तपासायची जागाही ठरलेली: खांबाचा बुडखा, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, मोरीलगतची चौकट. ओल तिथेच मुरते. राहत्या इमारतीच्या खांबा-तुळयांबद्दल शेवटचा शब्द मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. टोच्याने मिळते ती खूण, प्रमाणपत्र नाही.

शेवटचं, पण तातडीचं

बीडीडी चाळी सिमेंट-काँक्रीटच्या होत्या, पण गिरगाव, लालबाग आणि परळच्या कितीतरी चाळी सागवानी सांगाड्यावर उभ्या राहिल्या. आता एकामागून एक पाडल्या जाताहेत. पुनर्विकास हवाच; दोन खोल्यांत तीन पिढ्या काढलेल्यांना चांगलं घर मिळायलाच हवं. प्रश्न पाडकामाच्या दिवशी निघणाऱ्या लाकडाचा आहे. वरून ते करडं, काळपट, खिळ्यांच्या डागांनी भरलेलं दिसतं आणि त्याच दिसण्यावर त्याचा भाव ठरतो. खरा खराब भाग बहुधा बुडख्याचा आणि टोकांचा. ती टोकं कापा, खिळे काढा, रंधा मिलिमीटर-दोन मिलिमीटर चालवा. खाली सोनेरी सागवान निघतो, दशकानुदशकं मुरलेला आणि आता फारसा न वाकणारा.

लकडी बंदर आणि रे रोडकडच्या लाकूडवाल्यांना हे माहीत आहे. चाळकऱ्यांनाही माहीत हवं. पाडकामाच्या करारात जुन्या लाकडाचा वेगळा उल्लेख करून घ्या. आपल्या खोलीच्या तुळईतून नव्या घरासाठी एक देव्हारा, एक बाक, एक दार मागून घ्या. आणि कुणी करडा रंग दाखवून ‘हे सडलंय’ म्हणालं, तर आधी टोच्या मागवा. करडं म्हणजे कुजकं नव्हे.